कोरडा चमचा

हिराबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं बोट एका मुलीच्या तोंडात होतं.

बेलापूरच्या पुढे, कालव्याच्या कडेला, बहुविकलांग मुलांची एक निवासी संस्था आहे. त्या दिवशी एका स्थानिक पुढाऱ्याचा वाढदिवस होता आणि फळवाटपाची बातमी करायला मला पाठवलं होतं. पट्ट्यांनी खुर्चीत बसवलेल्या एका मुलीच्या तोंडात पुढाऱ्यांनी केळ्याचा तुकडा घातला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. गर्दीतून एक ठेंगणी बाई पुढे आली. तिनं पुढाऱ्यांचा हात बाजूला केला, मुलीची मान खाली झुकवली, तर्जनीनं तुकडा बाहेर काढला आणि बोट पदराला पुसलं.

"फोटू काढा सायेब, लई काढा. घास नगा घालू. तुमचा वाढदीस हाय, हिचा शेवटचा दीस कशाला करता?"

पुढारी हसले, कारण सगळे त्यांच्याकडे पाहत होते. "मावशी जरा तोंडाळ आहेत," असं म्हणून अधीक्षकांनी वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. छायाचित्रात केळं होतं, हिराबाई नव्हत्या.

मुलीचं नाव कावेरी. तेव्हा ती बारा वर्षांची असेल. लहानपणी बसस्थानकावर सापडलेली. नावही संस्थेनंच ठेवलेलं. मेंदूच्या पक्षाघातामुळे तिला मान धरता येत नव्हती, हातपाय ताठ होते, बोलता येत नव्हतं. गिळता येत होतं, पण प्रत्येक घास अन्ननलिकेत जाईल की श्वासनलिकेत, याची खात्री नव्हती. संस्थेत आल्यापासूनच्या पहिल्या काही वर्षांत तिला न्यूमोनियासाठी दवाखान्यात किती वेळा नेलं, हे कोणाला नीट आठवत नव्हतं. हिराबाईंनी तिला भरवायला घेतल्यापासून एकदाही न्यावं लागलं नाही. हे मात्र सगळ्यांना आठवत होतं.

हिराबाई पाथर्डीकडच्या. ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर आलेल्या. नवरा वारल्यावर टोळी सोडून संस्थेच्या स्वयंपाकघरात लागल्या आणि तिथून मुलांकडे आल्या. कोणतंही प्रशिक्षण नाही. भरवायला कुठं शिकलात, असं मी एकदा विचारलं.

"शेरडं राखली की ओ. मायनं टाकलेलं करडू आडवं धरून दूध पाजलं की दूध छातीत उतरतं. दोन दीस खोकतं नि जातं. उभं धरलं, मान खाली ठिवली, की जगतं. लेकराचं येगळं काय हाय?"

"डॉक्टरांना सांगितलंत हे?"

"शेरडाचं त्येन्ला सांगू? मला येडी म्हनत्याल."

त्यांची पद्धत मी अनेकदा पाहिली. कावेरीला अर्धवट मांडीवर घ्यायची, मान डाव्या कोपरात, हनुवटी किंचित छातीकडे. वरणात कुस्करलेली भाकरी पुरणयंत्रातून काढलेली असायची. पातळ नाही, घट्टही नाही, चमचा वाकडा केला की सावकाश घसरेल इतकी. चहाचा लहान चमचा, तोही अर्धाच. चमचा जिभेवर दाबायचा, काढायचा आणि थांबायचं. डोळे मुलीच्या गळ्यावर. गळा हलला की पुन्हा चमचा, पण या वेळी रिकामा. याला त्या कोरडा चमचा म्हणत. तोंडात चमचा आला की कावेरी सवयीनं आणखी एकदा गिळायची आणि मागं राहिलेलं खाली जायचं. मगच पुढचा घास. एका जेवणाला पाऊण तास लागायचा. त्यानंतर अर्धा तास तिला ताठ बसवून ठेवायचं.

या पाऊण तासात हिराबाईंशी कोणी बोलायचं नाही. एकदा मी बोललो. "घाई आसंल तर तुमी जावा भाऊ," त्या गळ्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "हितं पोट भरायचं काम न्हाई. गिळवायचं काम हाय."

कावेरीला ताटं पडल्याचा आवाज फार आवडायचा. कुठं ताट आपटलं की ती सगळं अंग ताणून, मोठ्यानं हसायची. तिचं बसणं संपलं की हिराबाई मुद्दाम एक थाळी फरशीवर टाकत. स्वयंपाकघरातून ओरड यायची, "मावशी, फोडा अजून!" जेवताना चुकून कोणाच्या हातून भांडं पडलं तर मात्र त्या पाडणाऱ्याच्या सात पिढ्या काढत. हसताना ठसका लागतो. "आदी गिळायचं. हसायचं मागनं," असं त्या कावेरीला बजावत, आणि कावेरी तेव्हाही हसायची.

एवढंच असतं तर हे कौतुकाचं चित्र झालं असतं. तसं ते नाही.

हिराबाई कावेरीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. संगीता नावाची एक तरुण काळजीवाहक होती. समजूतदार, दहावी शिकलेली. तिनं दोन-तीनदा चमचा हातात घेतला. कावेरीनं तोंड मिटलं किंवा ती खोकली, की हिराबाई लगेच चमचा काढून घेत. "ऱ्हाऊ दे बाई. तुझ्या हाताची न्हाई ती." संगीता चिडून म्हणाली होती, "मावशी, तुम्ही उद्या आजारी पडला तर?" त्यावर उत्तर आलं, "पडनार न्हाई." त्या खरोखरच पडल्या नाहीत. भाच्याच्या लग्नाला पाथर्डीला गेल्या त्या अक्षता पडल्या पडल्या परत आल्या. जेवणाची पंगतही त्यांनी घेतली नाही. हे त्या अभिमानानं सांगत.

अभिमान संस्थेलाही होता. तपासणीला अधिकारी आले की कावेरीचं वजन दाखवलं जाई. नोंदींच्या फॉर्मवर एक रकाना होता: गिळण्याची अडचण. सहा वर्षं त्यात "नाही" असं लिहिलं गेलं. आहार: सर्वसाधारण. लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं नव्हतं. मूल जेवत होतं, वजन वाढत होतं, ठसका नव्हता. जिची अडचण रोज तीनदा दूर केली जाते तिला अडचण आहे, हे कागदाला कळायला काही मार्ग नव्हता. हिराबाईंना कोणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

कावेरीला अठरा वर्षं पूर्ण झाली. संस्थेची मान्यता अठरापर्यंतची होती. मुदतवाढीसाठी अर्ज करता येतो. तो केला गेला नव्हता. लहान मुलं प्रतीक्षेत आहेत, असं अधीक्षकांनी मला सांगितलं. तेही खरं होतं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रौढांच्या संस्थेत तिला हलवण्याचा आदेश निघाला.

हिराबाई अधीक्षकांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. मी समोरच्या खुर्चीत होतो.

"मला बी धाडा तिच्यासंगं."

"मावशी, बदली मुलीची आहे. तुमची नाही."

"पगार नगं. जेवन द्या नि झोपाया जागा."

"असं कुठं असतं का? तिथं त्यांचा स्टाफ आहे. शिकलेला आहे."

"शिकलेला हाय," हिराबाई म्हणाल्या. "मंग तर झालंच."

निघायच्या आदल्या दिवशी संगीता वही-पेन घेऊन त्यांच्याकडे गेली होती. मावशी, सांगा, मी लिहून देते, फायलीत लावू. हिराबाईंनी तिला परत पाठवलं. "लिवून हात शिकतो व्हय? मी तोंडानं सांगन त्या बाईला."

सकाळी गाडी आली. सोबत न्यायला आलेल्या बाईला हिराबाईंनी अंगणात उभं राहून सगळं सांगितलं: कोपरातली मान, अर्धा चमचा, कोरडा चमचा, अर्धा तास बसवणं. इंजिन चालू होतं. ती बाई दर वाक्याला "हो मावशी" म्हणत होती आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. ती फक्त सोबतीला आली होती, भरवण्याचं काम तिच्याकडे नव्हतं. हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. तिच्या हातातल्या फायलीत लिहिलेलं होतं: आहार सर्वसाधारण.

तिसऱ्या आठवड्यात नव्या संस्थेतून फोन आला. तिथल्या इतर मुलींसारखंच तिलाही झोपवून, मोठ्या चमच्यानं वरणभात भरवला जात होता. ती खोकायची. नव्या जागेमुळे असेल, असं त्यांना वाटलं. मग ताप आला. दवाखान्यात नेलं तेव्हा दोन्ही फुप्फुसं भरलेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. अंत्यसंस्कार तिथंच झाले. कळवलं तेव्हा ते होऊन गेले होते.

मी बातमी दिली. ती आतल्या पानावर आली आणि कावेरीच्या मृत्यूची चौकशी सुरू झाली. चौकशीला बोट दाखवायला एक माणूस लागतो. फॉर्म भरणारे तीन जण होते, पैकी दोघांची बदली झालेली. तपासणी अधिकारी अनेक होते. अर्ज न करणं हा गुन्हा नव्हता. दुसऱ्या संस्थेनं आलेल्या फायलीप्रमाणे वागणूक दिली होती.

आठवड्याभरानं मी संस्थेत गेलो तेव्हा हिराबाई कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. हातात एक टंकलिखित कागद होता. त्यांना सही येत होती, वाचता येत नव्हतं.

"वाचा की भाऊ. काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. सदर मुलीस भरवण्याच्या विशेष पद्धतीची माहिती संबंधित काळजीवाहकाने संस्थेस दिली नाही, तसेच अन्य कर्मचाऱ्यांस सदर पद्धत शिकू दिली नाही. हे मला मान्य आहे. खाली सहीसाठी रेघ होती.

"सही करू नका," मी म्हणालो. "रकाना तुम्ही भरला नव्हता. तुम्हाला कधी विचारलंही नाही. मी वकिलांशी बोलतो."

"त्येंनी इचारलं न्हाई, ते खरं हाय." त्या कागदाकडे पाहत राहिल्या. "पन संगी शिकाया आल्ती. दोनदा आल्ती, तिनदा आल्ती. मला ग्वाड वाटायचं, भाऊ, ती माज्याबिगर जेवत न्हाई म्हनून."

"तरीही, हिराबाई. हा कागद तुमच्या एकटीवर ढकलायला केलाय."

"व्हय. पन खोटं काय लिवलंय त्यात?"

त्यांनी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं, कागद मांडीवर सरळ केला आणि एकेक अक्षर थांबत थांबत काढून सही केली. कारकून कागद आत घेऊन गेला. त्या महिन्यानंतर त्या कामावर आल्या नाहीत. पाथर्डीकडे भावाजवळ असतात, असं संगीता सांगते.

चौकशी त्याच दिवशी पूर्ण झाली. फॉर्मवरचे रकाने अजून तेच आहेत.