सीलबंद पेटी आणि जावेचे वडील

अविश्वासाचं एखादं सरकारी खातं असतं, तर माझ्या धाकट्या जावेचे वडील त्याचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले असते. प्रत्यक्षात ते ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. तिथे पाना घेतला की सही, परत केला की सही, आणि एक पाना जरी कमी भरला तरी विमान जागचं हलायचं नाही. ही शिस्त काकांनी घरीही चालू ठेवली. दिसेल त्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर ते टिकली चिकटवतात. त्यासाठी खिशात टिकल्यांचं पाकीट असतं. बाहत्तर वर्षांचा एकटा माणूस दुकानात जाऊन "मोठी नको, बारीक दाखवा" म्हणतो, तेव्हा दुकानदारीण काय समजत असेल याचा विचार करणं मी सोडून दिलं आहे. ओटीपी आला की ते भिंतीकडे तोंड करून वाचतात, मग घरात मी एकटी का असेना. बंगळुरूच्या मुलाने नातवाचे फोटो "वर ठेवलेत, हवे तेव्हा बघा" असं सांगितलं, तर हे म्हणाले, "छापून पाठव. वर कुणाकुणाचं येणंजाणं आहे, मला माहीत नाही."

काकू गेल्यावर ते लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला आले. लेकीच्या सासरी फुकट जेवायचं नाही, म्हणून सिन्नर फाट्याजवळच्या माझ्या रोपवाटिकेवर पंपाचं काम त्यांनी मागून घेतलं. पगार नको, फक्त एक वही हवी. काय उघडलं, किती वाजता, कुणाच्या परवानगीने, असे तीन रकाने आखलेली. माझ्या पंपाला हात लावायला ते रोज सकाळी माझी सही घेत.

"काका, अहो घरचंच आहे."

"घर तुमचं आहे, ताई. मी लेकीचा बाप."

यंदा मी पाण्याची नवी यंत्रणा बसवली. ट्रेमधल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, ओलावा मोजून पंप आपोआप चालू-बंद होतो, हुकूम कंपनीच्या सर्व्हरवरून येतो आणि मला सगळं मोबाइलवर दिसतं. बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं, "डेटा क्लाउडवर राहतो, काळजीच नाही." काकांनी विचारलं, "क्लाउडवर म्हणजे कुणाच्या घरात?" तो म्हणाला, "घर नाही हो, सर्व्हर." "त्याला दार असेल ना? किल्ली कुणाकडे?" त्या माणसाने पंपाचं बटणही एका पेटीत बंद केलं आणि तिला सील लावलं. सील तोडलं की वॉरंटी संपली. आठच दिवसांत मला एका अनोळखी खतविक्रेत्याचा फोन आला, "मॅडम, तुमच्या टोमॅटोच्या रोपांना हल्ली पाणी जास्त लागतंय ना?" मी नंबर ब्लॉक करून कामाला लागले. काका म्हणाले, "शेजाऱ्याला माहीत नाही आणि याला माहीत आहे." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मे महिन्यात नांदगावला लग्न होतं. आम्ही सगळे गेलो, रोपवाटिकेवर एकटे काका. शेडमध्ये टोमॅटोची दोन लाख रोपं, चार दिवसांनी शेतकरी न्यायला येणार. त्या उन्हात ट्रेमधलं रोप पाण्याविना अर्धा दिवसही काढत नाही. पंगतीला बसणार तोच फोन आला. बारा चाळीस झाले होते.

"ताई, रोपांनी माना टाकल्यात. पेटी उघडू का?"

मी ॲप उघडलं. सगळं हिरवं. "काका, बारालाच पाणी झालंय. मला इथे दिसतंय."

"तुम्हाला तिथे दिसतंय. रोपं इथे आहेत."

"सील तोडू नका. मी कंपनीला विचारते, तोवर हात लावायचा नाही. कळलं?"

"बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कंपनीचा फोन लागायला अर्धा तास गेला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, सकाळी सातपासून सर्व्हर बंद आहे. तुम्हाला दिसतंय ते फक्त ठरलेलं वेळापत्रक."

जेवण तसंच टाकून गाडी काढली. काकांना फोन केला, उचलला नाही. वाटेत चांदवडला केला, ओझरला केला, नुसती रिंग. रोपांपेक्षा मला वेगळीच भीती वाटत होती. हा माणूस माझं ऐकणार. तीस वर्षं सहीशिवाय पाना न उचललेला, आणि वर लेकीच्या सासरच्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणणारा. मी नको म्हटलं आहे, म्हणजे ते पेटीसमोर स्टूल टाकून रोपं मरताना बघत बसणार. द्वारका चौकात गाडी अडकली. पुढे ट्रक, मागे बस, आणि हातातल्या मोबाइलवर सगळं हिरवंगार.

फाटकातून आत शिरले तर पंपाचा आवाज. पश्चिमेकडचे ट्रे करपले होते, बाकीची शेड ओलीचिंब. काका बनियनवर, गुडघ्यापर्यंत चिखलात, जिथे फवारा पोचत नाही तिथे पाइप धरून उभे. "हात ओले होते, ताई. फोन घेता आला नाही," म्हणाले आणि वहीकडे बोट केलं.

वहीत लिहिलं होतं: पेटीचे सील तोडले. १२.१५. परवानगी: नाही.

मी वेळ पुन्हा वाचली. त्यांनी मला विचारलं, त्याच्या पंचवीस मिनिटं आधीची होती.

"काका, मी तर नको म्हटलं होतं."

"म्हणून तर तुमचं नाव नाही घातलं."

"तोडून झालं होतं, तर मग विचारलं कशाला?"

त्यांनी पाइप दुसऱ्या ट्रेकडे वळवला. "हो म्हणाला असतात, तर बरं वाटलं असतं."

मी पेन काढलं. त्यांनी ओला हात पानावर ठेवला. "मागाहून सही चालत नाही, ताई."

पेटीला आता सील नाही. काका काही विचारायला आले की मी आधी हो म्हणते आणि मग काय ते ऐकते. हल्ली ते फारसं विचारायला येत नाहीत.