सदऱ्याला आलेला कारबिटाचा वास

ती घटना अजूनही मनातून जात नाही. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. मी गोदीजवळच्या ठाण्यात फौजदार होतो. क्वार्टर मिळाली नव्हती, म्हणून काळाचौकीच्या चाळीत राहायचो. मोर्च्यांवर लाठ्या चालल्या तशी चाळीनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी नळावर गेलो की हसणंखिदळणं थांबायचं. मीही मराठीच होतो, पण सांगणार कोणाला?

एका दुपारी समोरच्या खोलीतली खलाशाची बायको ठाण्यात आली.

"साहेबानू, माजो घोव उद्याच्या बोटीर जाता. काल तेणी फुटक्या पिपातलो माल भरलो. सदरो पाण्यात घातलंय, तर कारबिटाचो वास इलो. आमच्या दशावतारात तेच दिवे असत. पण कागदार म्हणे चुन्याचो दगड आसा." मग हळूच म्हणाली, "मी इल्लंय ता चाळीत कळता नये."

मी शब्द दिला. डायरीत 'खात्रीलायक बातमी' एवढंच लिहिलं.

कारबिटावर पाणी पडलं की पेटणारा वायू निघतो. खाणीतल्या दिव्यांसाठी ते समुद्रमार्गे पाठवताना धोकादायक माल म्हणून नोंदवून, घट्ट बंद पिंपांत, डेकवर कोरडं ठेवावं लागे. मी बोटीवर जाऊन पाहिलं, तर इथं पिंपं तळाशी, ओलीत रचली होती.

पंचांसमक्ष फुटकं पीप जप्त केलं. माल पाठवणाऱ्या पेढीच्या कारकुनाला ठाण्यात आणलं. तो लालबागचा, चळवळीतला कार्यकर्ता. "चुन्याचाच दगड आहे," एवढंच तो घोकत होता. मी एक ढेकूळ टेबलावर, तसबिरीपुढच्या उदबत्तीशेजारी ठेवलं आणि तांब्या उचलला. त्यानं माझा हात धरला.

"पाणी नको, साहेब! पेटेल!"

चोराच्या मनात चांदणं. मग रडत जबाब दिला: धोकादायक माल ही बोट घेत नव्हती आणि मालकाला दुसऱ्या बोटीची वाट पाहायची नव्हती.

पिंपं उतरवली, बोट सुटली. मालकालाही अटक झाली, पण चाळीत बोभाटा झाला तो एवढाच की फौजदारानं चळवळीतला पोरगा आत टाकला. खरं सांगितलं असतं तर चाळ निवळली असती, पण मग बातमी कोणी दिली तेही उघडं पडलं असतं. ती बाई नळावर मान खाली घालायची. मी तिच्याकडे पाहायचंही टाळलं. शब्द पाळणं एवढं एकटं असतं, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

महिन्याभरानं तिचा नवरा परतला. मला जिन्यात पाहून तो थुंकला आणि पाठ फिरवून वर गेला. मी त्याच्या पाठीकडे पाहत उभा राहिलो. धडधाकट होता. वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, फार बरंही वाटलं.