ओनिटा क्रॅबट्री चुकली तो शनिवार

ओनिटा क्रॅबट्रीने चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. कापसाच्या शेतांतले मातीचे रस्ते, बस नंबर चौदा आणि मागे साठ पोरं. डोक्यावरच्या आरशात तिला नुसत्या माना आणि खांदे दिसायचे, पण तेवढ्यावरून तिला कळायचं की आता कोण कुणाचं दप्तर खिडकीबाहेर फेकणार आहे. "वेंडल, हात खाली," असं ती म्हणायची तेव्हा वेंडलने हात अजून वर उचललेलाही नसायचा. आज आमच्या टॅलबर्ट गावातली निम्मी मोठी माणसं तिला जरा बिचकूनच असतात. मीही असतो, आणि मी तर तिच्या बसने कधी गेलो नाही. माझं गावात औषधाचं दुकान आहे आणि गेली बावीस वर्षं मी स्टेडियममध्ये तिच्या शेजारच्या जागेवर बसतो.

आमच्या कॉलेजच्या संघाचं नाव खेचरं. हसायचं त्यांनी हसावं. माझ्या आजोबांच्या वेळी या मातीत नांगर खेचरांनीच ओढला, त्यामुळे आम्हाला त्या नावाची लाज नाही. लाज वाटायला लागली ती ट्रेंट कॅलोवे कोच म्हणून आल्यावर. मोठ्या कॉलेजातून आलेला, काळा चष्मा, दात पांढरेशुभ्र. पहिल्या वर्षी अकरा सामन्यांत दोन जिंकले. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबर उजाडला तरी एकही नाही. सहा सामने, सहा पराभव. प्रत्येक वेळी हा माणूस माइकसमोर येऊन तेच सांगायचा, "आपण योग्य मार्गावर आहोत. धीर धरा."

गाव धीर धरणाऱ्यातलं नव्हतं. लोक डोक्यावर कागदी पिशव्या घालून, डोळ्यांपुरती भोकं पाडून स्टेडियममध्ये बसू लागले. कुणीतरी कोचच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवून आलं. न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, माझ्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घेताना सगळीकडे एकच विषय. निम्मा सामना झाला की माणसं उठून गाड्यांकडे चालू लागायची.

ओनिटा कधी उठली नाही. उकडलेल्या शेंगांचा पुडा मांडीवर घेऊन ती शेवटची शिट्टी वाजेपर्यंत बसायची. पिशवी घालणाऱ्यांना म्हणायची, "तोंड लपवायचं असेल तर घरी लपवा. पोरांना वर बघितल्यावर माणसं दिसू देत."

त्या सहाव्या सामन्यात तिने तो प्रकार सुरू केला.

आमचा फुटबॉल नावाला पायाचा, खेळायचा हाताने. चेंडू हातात आला की एक तर तो घेऊन पळायचं, नाही तर लांब फेकायचा. दोन्हींपैकी काय होणार हे समोरच्याला आधी कळलं की खेळ संपला. तर आमची पोरं रांगेत वाकून उभी राहिली आणि ओनिटा शेंग सोलता सोलता म्हणाली, "पळणार." पळाले. पुढच्या वेळी म्हणाली, "फेकणार." फेकला.

"नशीब," मी म्हणालो.

"मोज मग, ली."

मी मोजलं. कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर रेघा ओढत गेलो. अठ्ठावन्न डावांपैकी बावन्न तिने बरोबर सांगितले, तेही पोरं हलायच्या आत. आमच्या मागच्या रांगेतला बस्टर नीली, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आडदांड गडी, शेवटी रडकुंडीला आला. "मिस ओनिटा, देवाशपथ, जे तुम्हाला इथून कळतंय ते खाली मैदानात समोरच्यांना कळत नसेल?"

"कळतंय ना. म्हणून तर मार खातोय आपण."

"पण तुम्हाला कळतं कशावरून?"

तिने पुढची शेंग सोलायला घेतली. गाडीकडे जाताना फक्त मला सांगितलं. डाव्या बाजूचा रक्षक, म्हणजे चेंडूवाल्याच्या पुढे राहून समोरच्यांना अडवणारा, डेल्विन ओट्स. रांगेत वाकताना तो एक हात जमिनीवर टेकतो. पळायचा डाव असेल तर सगळं वजन त्या हातावर, बोटं मातीत रुतलेली. फेकायचा असेल तर हात नुसता टेकवलेला आणि वजन मागे. "इतका प्रामाणिक आहे पोरगा," ती म्हणाली, "बसमध्येसुद्धा याला खोटं बोलता यायचं नाही."

"मग सांग की त्यालाच. तुझ्याच बसमधला आहे."

"कोचच्या पाठीमागून? मास्तर असताना पोराला बाहेरून शिकवायचं नसतं. मास्तरालाच सांगायचं."

पुढच्या शनिवारी सामना नव्हता, त्यामुळे हातात दीड आठवडा होता. मास्तराला सांगायला तिने पत्र लिहिलं. उत्तरात संघाचा छापील फोटो आला आणि पुढच्या वर्षीच्या तिकिटांचा अर्ज. मग ती स्वतः कचेरीत गेली. तिथल्या तरुणाने तिला पाणी दिलं, कोच मीटिंगमध्ये आहेत म्हणाला आणि दाराशी पोचवलं. तिसरा मार्ग उरला बुधवारचा.

दर बुधवारी संध्याकाळी सहाला हूपरच्या खानावळीत कोचचा रेडिओवरचा कार्यक्रम होतो. लोक कॅटफिश आणि मक्याचे वडे खात बसतात, कोच कोपऱ्यातल्या टेबलावर माइक घेऊन उत्तरं देतो. त्या बुधवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या माणसाने विचारलं, राजीनामा कधी देताय? दुसऱ्याने तेच जरा सभ्यपणे विचारलं. मग ओनिटा उभी राहिली. निळा कार्डिगन, हातात पर्स, चर्चला जाताना असते तशी.

"कोच, तुमचा डाव समोरच्यांना आधी कळतोय. का कळतोय ते मला माहीत आहे. दोन मिनिटं बाजूला या, कानात सांगते."

खानावळीत हशा पिकला. बस्टर ओरडला, "कानात कशाला? मोठ्याने सांगा! सगळ्या जिल्ह्याला कळू द्या!"

"गप बस, बस्टर. शनिवारी पाइनरिजशी गाठ आहे. ते काय रेडिओ ऐकत नाहीत?"

मला तेव्हा जाणवलं की या बाईच्या हातात काय आहे. दोन वर्षं आम्ही सगळे ज्या माणसाला तोंडघशी पाडायला टपलो होतो, त्याला ती एका वाक्यात, सगळ्यांदेखत, रेडिओवर पाडू शकत होती. तिने ते वाक्य गिळलं.

कॅलोवे हसला. पांढरे दात. "बाईसाहेब, आमच्याकडे सात प्रशिक्षक आहेत. आठवड्याचे साठ तास ते व्हिडिओ बघतात. तुम्ही काय करता म्हणालात?"

"बस चालवायची मी. शाळेची."

"मग असं करू. मी तुमची बस चालवत नाही, तुम्ही माझा संघ चालवू नका. पुढचा प्रश्न?"

कुणी हसलं नाही. काटे-चमचे थांबले. त्या खोलीतली अर्धी माणसं बस नंबर चौदाने शाळेत गेली होती. बस्टर उठायला लागला तशी ओनिटाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, पर्स काखेत मारली आणि बाहेर पडली. मी बिल तसंच टेबलावर ठेवून तिच्या मागे गेलो.

बाहेर अजून उजेड होता. ती तिच्या छोट्या ट्रकच्या दाराकडे तोंड करून उभी होती. "रडत नाहीये मी," ती म्हणाली. "चीड आलीय."

तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. हॉलिस बर्डसाँग. संघातला सगळ्यात म्हातारा प्रशिक्षक, रक्षकांना शिकवणारा. गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रिया झालेल्या, त्यामुळे चालताना बदकासारखा डुलतो. टोपी हातात घेऊन उभा होता.

"मिस क्रॅबट्री, मला कान आहेत. माझ्या कानात सांगाल?"

"तुमच्या साहेबांना चालेल?"

"साहेबांचं मी बघतो. रक्षक माझे आहेत. चूक असेल तर माझी आहे."

ओनिटाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पर्स माझ्या हातात दिली, कार्डिगनच्या बाह्या वर केल्या आणि अडुसष्ट वर्षांची ती बाई हूपरच्या खडीवर रक्षकासारखी वाकली. एक हात जमिनीवर. "हे पळायचं," बोटं खडीत रुतवत ती म्हणाली. मग वजन मागे घेतलं. "आणि हे फेकायचं. आता सांगा, फरक दिसतो?"

बर्डसाँगच्या तोंडून एक अशी शिवी निघाली की त्याने लगेच माफी मागितली. "दोन वर्षं मी त्याच्या खांद्यांकडे बघतोय," तो म्हणाला. "हाताकडे बघितलंच नाही."

"आरशातून बघायची सवय लागते," ओनिटा म्हणाली. "मला आधी उठवा."

आम्ही दोघांनी मिळून तिला उठवलं.

शनिवारी दुपारी ऊन छान होतं आणि स्टेडियम अर्धं रिकामं. आम्ही बसतो त्या भागातल्या एकानेही मात्र दांडी मारली नव्हती. हूपरच्या खानावळीतली गोष्ट गावभर झाली होती आणि लोक ओनिटाकडे बघत होते. मी पेन काढून बसलो.

पहिला डाव. डेल्विन वाकला. मला दुर्बिणीतून त्याची बोटं दिसली, मातीत गच्च रुतलेली.

"पळणार," ओनिटा म्हणाली.

पाइनरिजचे सगळे जण पुढे धावून आले. आणि चेंडू त्यांच्या डोक्यांवरून गेला. लांब, उंच, आणि आमचा पोरगा त्याच्याखाली एकटा. कुणी अडवायलाच नव्हतं. पहिल्याच डावात सहा गुण.

मग बस्टर मागून किंचाळला, "मिस ओनिटा, चुकलात!"

"चुकले," ती म्हणाली. दोन्ही हात तोंडावर. "अगं आई, चुकले मी!"

बर्डसाँगने काय केलं होतं ते मला नंतर कळलं. तीन दिवसांत जुनी खोड मोडत नाही हे त्याला माहीत होतं. त्याने ती मोडलीच नाही. डेल्विनला म्हणाला, पळायचं असेल तर हात सैल ठेव, फेकायचं असेल तर बोटं रुतव. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोल. प्रामाणिक पोराचं खोटं सगळ्यांना खरं वाटलं. पाइनरिजला निम्म्या सामन्यापर्यंत काही उमजलंच नाही, आणि उमजलं तेव्हा बर्डसाँगने डेल्विनला पुन्हा उलटं करायला लावलं.

ओनिटा त्या दिवशी एकोणतीस वेळा चुकली. प्रत्येक वेळी आमचा भाग उभा राहून टाळ्या वाजवायचा, आणि ती वाकून नमस्कार करायची. शेवटी शेवटी तर पलीकडच्या भागातले लोकही विचारायला लागले, "आता काय म्हणताहेत बाई?" सामना आम्ही चोवीस-वीस असा जिंकला. तेरा महिन्यांनंतरचा पहिला विजय. डेल्विनने शिरस्त्राण काढून आमच्या भागाकडे बघितलं आणि जमिनीवर टेकायचा तो हात उंच केला. ओनिटाने रुमाल काढला. "आता रडतेय," ती म्हणाली. "लिहून ठेव."

कॅलोवेने माइकसमोर सांगितलं की त्याच्या मार्गाला आता फळ येतंय. बस्टर वर्तमानपत्राला सगळी हकीकत लिहून पाठवायला निघाला होता. ओनिटाने त्याला दुकानातच अडवलं.

"अजून चार सामने आहेत. छापून आलं की सगळे वाचणार. डोकं चालव जरा."

"पण श्रेय तो घेतोय, मिस ओनिटा!"

"घेऊ दे. त्याला गरज आहे."

त्या चारांपैकी आम्ही दोन जिंकले. डिसेंबरात कॉलेजने कॅलोवेला नारळ दिला. गावाने हॉर्न वाजवत मिरवणूक काढली. मीही दोनदा वाजवला, खोटं कशाला सांगू. ओनिटा त्या मिरवणुकीत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोंबडी-भाताचं मोठं भांडं घेऊन कॅलोवेच्या दारात गेली, कारण सामान ट्रकमध्ये भरत असलेल्या घरात चूल बंद असते हे तिला माहीत होतं. भांडं जड म्हणून मला बरोबर नेलं.

कॅलोवे खोक्यांमध्ये उभा होता. चष्मा नव्हता. त्याच्या बायकोने भांडं घेतलं आणि तिचे डोळे भरून आले. या गावात त्यांच्या दारी इतक्या दिवसांत पाट्यांशिवाय काही आलं नव्हतं.

"बर्डसाँगने मला सांगितलं," कॅलोवे म्हणाला. "गेल्या आठवड्यात. ते तुम्ही होतात." मग म्हणाला, "त्या बुधवारी तुम्ही सगळ्यांसमोर बोलू शकला असतात. मी तुम्हाला इतकं टोचून बोललो, तरी नाही बोललात."

"बोलले असते तर शनिवारी आपण हरलो असतो," ओनिटा म्हणाली.

"आपण," तो म्हणाला. मग त्याने दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि माफी मागितली, बायकोसमोर, माझ्यासमोर, ट्रक भरणाऱ्या माणसांसमोर. ती म्हणाली, भात गरम आहे तोवर खा.

घरी येताना मी विचारलं, "माफ केलंस त्याला?"

"माणूस वाईट नव्हता. ऐकायचा नाही, एवढंच." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कोच मात्र फारच वाईट होता, ली. इतका वाईट कोच मी जन्मात बघितला नाही."

नवा कोच आला, बर्डसाँग राहिला. मार्चमध्ये वसंतातला सराव सुरू झाला आणि एका सकाळी बर्डसाँगचा फोन ओनिटाकडे आला. दोन तास वेळ आहे का? त्याने तिच्यासाठी रिकाम्या स्टेडियमच्या वरच्या पायरीवर घडीची खुर्ची ठेवली होती, उन्हाला छत्री बांधली होती आणि शेजारी थंडगार गोड चहाचा जग. खाली साठ पोरं डाव मांडत होती. ती वरून बघत होती आणि बर्डसाँग वहीत लिहून घेत होता: कोण चेंडू यायच्या आधी ओठ चावतो, कोण पळायच्या दिशेला आधी बघतो, कोणाचा पाय फेकायच्या वेळी बाहेर वळतो. दुपारी पोरं वर आली. घामाने निथळलेली, ताडासारखी उंच. एकेकाने तिच्यासमोर टोपी काढली आणि नाव सांगितलं. ती प्रत्येकाला त्याची चूक कानात सांगत होती, दुसऱ्याला ऐकू जाऊ न देता. डेल्विन सगळ्यांत शेवटी आला. त्याला सांगायला तिच्याकडे काही नव्हतं. तिने त्याच्या गालावर थोपटलं.

संध्याकाळी तिने मला दुकानात फोन केला. मी गिऱ्हाइकाला गोळ्या बांधून देत होतो.

"अकरा," ती म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही. "अकरा जण पकडले मी आज. आणि तो नवा कोच आहे ना, तोही बोलायच्या आधी कान खाजवतो. त्यालाही सांगून आले."