दातांच्या मेसेजचा नंबर

रोज संध्याकाळी नमिताचा मोबाईल वाजायचा. ‘नमस्कार, कृणालची आई! कृणालचे दात घासलेत का?’ बालवाडीवाल्यांनी सगळ्या आयांचे नंबर मुलांच्या दातांच्या एका योजनेत घातले होते, तेव्हापासूनचं हे. कधी व्हिडिओ यायचा, कधी नुसता सल्ला: पेस्ट वाटाण्याएवढी घ्या, पोर सात वर्षांचं होईपर्यंत दात मोठ्यांनीच घासावेत. खाली उत्तर द्यायचं, हो की नाही. नमिता ‘हो’ दाबायची आणि पोळ्या लाटायला घ्यायची.

आता काय बोलायचं! कृणाल तिच्याजवळ होता कुठे? घटस्फोटानंतर ही जोगेश्वरीला भावाच्या खोलीत आली, तिथे तिलाच पाठ टेकायला जागा नाही. म्हणून पोरगा दिंडोशीला बापाकडे, प्रीतमकडे राहिला. हिच्या वाट्याला महिन्यातले दोन रविवार. आधी धाय मोकलून रडायची, मग तेही बंद झालं. आत काही हलेचना. तो मोबाईल ‘कृणालची आई’ म्हणायचा, तेवढ्यापुरतीच ती आई असायची.

मेसेज ती प्रीतमला पुढे पाठवायची. प्रीतम कसला उघडतोय! तो स्वतःचं तोंड धुतो हेच नशीब.

त्या रविवारी कृणाल वडापाव एकाच बाजूने चावत होता.

“आ कर रे,” नमिता म्हणाली. डाव्या दाढेत हे एवढं काळं भोक. “रात्री दात कोण घासतं तुझे?”

“कोण नाय. गंधालीआई गोष्ट सांगून झोपवते ना. दूध पण देते, साखर घालून.”

गंधाली म्हणजे प्रीतमची नवी बायको. ‘गंधालीआई’ नमिताने पहिल्यांदाच ऐकलं. राग यायला हवा होता, मेला तोही आला नाही. एवढंच कळलं, की आपण इकडे खोटं ‘हो’ दाबत बसलो आणि तिकडे पोराची दाढ किडली.

संध्याकाळी दिंडोशीच्या बिल्डिंगखाली गंधाली त्याला न्यायला आली. पोरगीच ती, नमिताकडे बघायलासुद्धा घाबरत होती.

“तुझा नंबर दे गं,” नमिता म्हणाली. तिथेच उभ्या उभ्या तिने योजनेतला आपला नंबर काढून गंधालीचा टाकला. मोबाईलने विचारलं, हा नंबर कोणाचा? आई, वडील की इतर?

‘इतर’ दाबलं असतं तरी चाललं असतं. पण पोराला रात्री कुशीत घेऊन झोपवते ती इतर कशी? नमिताने ‘आई’ दाबलं.

गंधालीने वाकून स्क्रीन पाहिली. “पण ताई, मग तुम्हाला मेसेज यायचे बंद होतील ना?”

“होऊ देत. उद्या त्याला डॉक्टरकडे ने. आणि घासताना डावीकडे हळू हात चालव, दुखतं त्याला.”