पोर्ट चौदा

या विश्वात माणसाच्या बुद्धीला न पेलणारी एक शक्ती आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. ती आमच्या संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या मागे राहते.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अजूनही नाही... तीच तर अडचण आहे. डेक्कनच्या बाजूला असलेल्या एका शिक्षणसंस्थेत मी नेटवर्क सांभाळतो. तिसऱ्या मजल्यावर एक स्विच आहे – म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा. कुठल्या पोर्टला वायर लागली, कुठली निघाली, याची नोंद तो लॉगमध्ये करत राहतो. गेल्या वर्षी पोर्ट चौदाच्या नोंदींचा पूर आला. अप, डाऊन, अप, डाऊन. बाकी काही वाचताच येईना.

वायरिंग कांबळ्यांचं. खडकीला राहणारा जुना टेक्निशियन, निवृत्तीला दोन महिने उरलेले. मी खाली खुर्चीत बसून अहवाल लिहिला – ‘पोर्ट १४ची वायर सदोष, काम निकृष्ट.’ लिफ्ट बंद होती, आणि तीन मजले चढून बघावं असं मला काही वाटलं नाही. कांबळ्यांना कारणे दाखवा नोटीस गेली.

ते माझ्या टेबलाशी आले.

“सर, चौदाला वायरच नाहीये.”

“मग लॉग काय खोटं बोलतो?”

“ते मला माहीत नाही. तुम्ही वर जाऊन आलात?”

मी स्क्रीनवरचा लॉग उगाच वर-खाली केला.

“नाही, जिना आहे तिथे. म्हणून विचारलं.”

तेव्हा गेलो. पोर्ट चौदा रिकामा होता. त्यात रबरी बूच, आणि खाली कांबळ्यांच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी – ‘खराब. वापरू नये.’ तारीख तीन वर्षांपूर्वीची.

बिघडलेला पोर्ट रिकामा असूनही असं करू शकतो. म्हणजे इथवर भुताचा काही संबंध नाही. तो पोर्ट बंद करून अहवाल मागे घ्यायचा, एवढंच काम होतं. पण पोर्ट बंद केला असता तर तो आधीपासून खराब होता हे कागदावर आलं असतं. म्हणून मी लॉगला फिल्टर लावला – पोर्ट चौदाच्या नोंदी घेऊच नयेत. लॉग स्वच्छ झाला. वर कळवलं, “दुरुस्त केलं.”

वर्धापनदिनी माझा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, आणि मानपत्रात ‘डिजिटल यज्ञाचे ऋत्विज’. मागच्या पडद्यावर तो स्वच्छ लॉग चालू ठेवला होता – आग्रह माझाच. डायरेक्टर मॅडमनी शाल खांद्यावर ठेवली आणि पडद्यावर ओळ उमटली. पोर्ट १४ अप. मग डाऊन. मग पुन्हा अप.

टाळ्या विरल्या.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं.

मी पाणी प्यायलो.

तिसऱ्या रांगेतून कांबळे उठले. “मॅडम, टेस्टिंगसाठी मी वायर लावली होती. काढायची राहिली.”

“कांबळे, निदान आजच्या दिवशी तरी...!”

सभागृह हसलं. मीही हसलो. या सगळ्यात लिहायला जड गेलेलं वाक्य हे एवढंच.

कार्यक्रम संपल्यावर धावत वर गेलो. बूच जागेवर होतं. फिल्टरही जागेवर, चालू. त्याने त्याआधी चौदाची एकही ओळ आत येऊ दिली नव्हती, त्यानंतरही नाही. स्विचच्या कंपनीचा इंजिनिअर सगळं तपासून म्हणाला, “सर, असं होऊच शकत नाही,” आणि चहा पिऊन गेला.

सत्काराच्या दिवशीच, खाली उतरताना जिन्यात मी कांबळ्यांना गाठलं होतं. “खोटं का बोललात?”

“कोणीतरी बोलायला हवं होतं. तुम्ही तर काहीच बोलेनात.”

“कांबळेसाहेब, मी अहवाल मागे घेतो.”

“घ्या की. पण सोमवारी घ्या. आज अंगावर शाल आहे.”

सोमवारी मॅडम दौऱ्यावर होत्या. मग परीक्षा आल्या. कांबळे ताकीदपत्रासह निवृत्त झाले.

त्या तीन ओळी कुठून आल्या, मला आजही सांगता येत नाही. लिफ्ट दुरुस्त झाली आहे.