नाव न घेता

'नाव गुप्त राहील' असं कोणी म्हटलं की आजही माझं डोकं सणकतं.

सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. मी नागपुरात शाळेवर शिकवायची, धाकटी बहीण आईजवळ भिवापूरला. तिच्या डाव्या कोपरावर पांढुरका, बधिर डाग उठला, तेव्हा मीच तिला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. महारोग निघाला. पण लवकर सापडला होता, गोळ्यांनी बरा होणारा. डॉक्टर म्हणाले, तीन गावच्या दवाखान्यांतले रोगी आम्ही एकत्र अभ्यासतोय. हिला नुसता नंबर राहील, नाव कुठेच जाणार नाही. जीव भांड्यात पडला. सावनेरला तिचं लग्न ठरत होतं ना!

ती नेमानं येऊन गोळ्या न्यायची. ऐन मिरचीच्या हंगामात एकदा यायचं चुकलं. तर नंबरापुढे लिहिलेलं गाव-काम बघून त्या तीन दवाखान्यांपैकी दुसऱ्याच एकाची जीप थेट सातऱ्यावर आली, म्हणजे ती बायकांबरोबर मिरचीचे डेठ खुडायला बसायची त्या आवारात. तिला कधी न पाहिलेला एक साहेब उतरला आणि सगळ्यांसमोर अदबीनं म्हणाला, "नाव घ्यायची आम्हाला परवानगी नाही. डाव्या कोपरावर बधिर डाग आहे, नागपूरच्या गोळ्या चालू आहेत, ती मुलगी कोण?"

वा रे शहाणपण! अरे, नावानं हाक मारली असती तर बायकांना वाटलं असतं, आला असेल कोणी नातेवाईक.

बहिणीनं बाही खाली ओढली आणि तिथंच सगळ्यांना कळलं. शेजारची बाई आपली टोपली उचलून बाजूला सरकली. "काहून वं, इतके दिवस आमच्यातच बसून राहिली होती?" आठवड्याभरात सावनेरहून निरोप आला, मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही.

मी तणतणत दवाखाना गाठला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्या माणसानं नाव घेतलं का? नाही ना?"

"नाव नाही घेतलं जी, अब्रू घेतली!" मी ओरडले. व्हरांड्यातले रोगी वळून बघायला लागले. बघू देत, म्हटलं, त्यांनाही कळू दे.

"गोळ्या मात्र सोडू देऊ नका," ते म्हणाले, "हात जाईल."

हे त्यांचं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. बहिणीला मी समजावलं, रागावले, तिच्या पाया पडले. तिचं आपलं एकच, "मी नाही येत वं ताई. दवाखान्यात गेली का जीप येते."

गोळ्या सुटल्या. पुढे तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं, ते वळलंच. आता ती कोण, हे विचारायला कुठल्याच साहेबाला जीपमधून उतरायची गरज राहिली नाही.