अंजनावरची चिंधी

आमच्या गावचं रान बघायला अजून माणसं येतात. धरणगावाहून गाडी जुंपायची, तापी ओलांडायची, चोपडा मागे टाकायचा, की सातपुडा समोर येतो. कपाशीची काळी शेतं संपतात, मुरमाड माळ लागतो आणि माळाच्या टोकाला अंजनाची झाडी सुरू होते. पुढे सालई, टेंभुर्णी, पळस आणि वर चढावर साग. हवा चांगली, पाणी चांगलं, मोर भरपूर. पाहुणे खूश होतात. परतताना चिंधीमायपुढे नारळ फोडतात आणि विचारतात, काय हो, ती नवसाची लाल चिंधी कुठे गेली? आमची माणसं मग आभाळाकडे बोट दाखवतात. मी दाखवत नाही. मला ठाऊक आहे आणि मी सांगणार आहे.

चिंधीमाय म्हणजे रानाच्या तोंडाशी असलेलं जुनं अंजन. रानात शिरणाऱ्यानं अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडून त्याच्या फांदीला बांधायची. बाहेर आलं की आपली आपण सोडायची. दुसऱ्याच्या चिंधीला बोट लावायचं नाही, लावलं तर तो माणूस परत येत नाही. कुणी आलाच नाही तर त्याची चिंधी फांदीवर राहते. ती उन्हापावसानं सडून आपोआप गळाली की माणूस रानानं ठेवून घेतला असं धरायचं आणि येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावानं पाण्याची घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पितर म्हणून त्याला जेवू घालायचं. तोवर तो मेलेला नाही. सुती कापड असं किती टिकणार? म्हणून पिढ्यान्‌पिढ्या या रीतीनं कुणाचं अडलं नव्हतं. अडलं ते यशोदाबाईचं.

यशोदाबाई धरणगावाकडची. लग्न होऊन आली तेव्हा अंगानं किडकिडीत, पण कपाशी वेचायला बसली की दोन बायकांना मागे टाकायची. हेच तिच्या मुळावर आलं. तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, अभिमन घरातला कर्ता. त्याला माणसं दिसत नसत, हात दिसत. तिचा नवरा कौतिक मात्र मवाळ, हसरा, भावापुढे मान खाली घालणारा. कौतिकला हौस एकच, लाल फेट्याची. धरणगावच्या नूर महंमद रंगाऱ्याकडून त्यानं लांबलचक फेटा रंगवून आणला आणि त्याचे दोन तुकडे केले. एक रोजच्या वापराला, एक सणाला.

लाल तापाची साथ गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कौतिक बैलांसाठी अंजनाचा पाला तोडायला रानात गेला. डोक्याला रोजचा तुकडा होता, त्याचीच चिंधी फाडून बांधली. घरातून निघताना यशोदाबाईला म्हणाला, "दिन बुडाना पहिले येसू." तो आला नाही. सगळं गाव रानात उतरलं, डफ वाजवले, जाळ केले, नाले पालथे घातले. ना माणूस सापडला, ना कुऱ्हाड. वाघानं नेला म्हणावं तर रक्ताचा थेंब नाही, पळून गेला म्हणावं तर कुठं आणि कशासाठी?

यशोदाबाई रडली आणि मग कामाला लागली. कौतिकचा सणाचा तुकडा तिनं पेटीत ठेवला. ठेवण्याआधी त्याची फाटकी कड पिवळ्या दोऱ्यानं शिवून घेतली, सूत सुटू नये म्हणून. तिच्या सगळ्या संसारातली तेवढीच वस्तू तिची स्वतःची होती.

पहिल्या आखाजीला तिचा भाऊ धनसिंग तिला न्यायला मुऱ्हाळी म्हणून आला. सगळ्या सासुरवाशिणी आखाजीला माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. अभिमननं त्याला ओटीवरूनच वाटेला लावलं. नवरा घरी नसताना बाई पाठवत नाही म्हणाला. दुसऱ्या आखाजीला धनसिंग पुन्हा आला, या वेळी निरोप घेऊन. शेजारच्या गावचा पितांबर, बायको साथीत गेलेला, पदरी एक पोर. यशोदाबाईशी पाट लावायला तयार होता. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात लाज नाही. पण विधवेचा. पंच बसले तेव्हा अभिमन म्हणाला, "भाऊनी चिंधी झाडवर शे. भाऊ जंगलमा शे. जित्ता मानूसनी घागर भरतस का?"

पंचांत मोठे रुपचंद आबा. त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि चिंधी पडेपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. पितांबर मान हलवून म्हणाला, "पडू द्या. मी थांबस."

चिंधी पडली नाही. पावसाळा आला, गेला. आमच्या लुगड्यांचे पदर घरात राहून विरले, आणि ही चिंधी उघड्यावर लाल ती लालच. मग गावाला भक्ती सुटली. कौतिकला रान जपतंय, चिंधीमायनं त्याला ओटीत घेतलंय, असं काय काय बायका बोलू लागल्या. नवऱ्याला खोकला झाला की चिंधीपुढे नारळ, नवरा जुगारात बसला की चिंधीपुढे नारळ. लांबून गाड्या येऊ लागल्या. आणि त्या बाया जाताना यशोदाबाईच्या कपाळाला कुंकू लावून तिच्या पाया पडत. कारण तिच्यासारखी सौभाग्यवती दुसरी नाही! ती शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभी असायची आणि या तिच्या पायाशी वाकायच्या. मला तेव्हाही त्यांच्या पाठीत लाथ घालावीशी वाटे.

उन्हाळ्यात आम्ही चार-पाच जणी पळसाची पानं तोडायला रानात जात असू. यशोदाबाईही असायची. आम्ही चिंध्या बांधायचो तेव्हा ती त्या लाल चिंधीखाली उभी राहून वर बघत राही. बोट लावता येत नव्हतं. एकदा मला म्हणाली, "अक्का, पडत का नही हाई?" वारा आला की ती चिंधी हलायची आणि यशोदाबाईचा श्वास थांबायचा. नवरा मरावा म्हणून नव्हे. तो मेलाच होता, हे तिला, मला आणि अभिमनला माहीत होतं. त्याचं मेलेलं असणं कुणीतरी मान्य करावं, एवढंच तिला हवं होतं.

मग एका उन्हाळ्यात तिनं वर बघितलं आणि माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी फुटली. चिंधीच्या एका कडेला पिवळे टाके होते. तिचे टाके. पेटीतल्या तुकड्याचे.

घरी जाऊन तिनं पेटी उघडली. फेट्याचा तुकडा होता, पण निम्म्याहून कमी उरलेला. तिला वाटलं अभिमन. मलाही वाटलं अभिमनच. पण पेटीची किल्ली घरात दुसऱ्या एकाच माणसाकडे असे, सासूकडे. ताईबाई म्हातारी, गुडघ्यानं अधू, डोळ्यांनी कमी. दर वर्षी पोळ्याच्या सुमाराला औषधाचा पाला आणते म्हणून काठी टेकत रानाकडे जायची आणि गाव म्हणायचं, बिचारी लेकाला बघायला जाते. यशोदाबाईनं फेटा तिच्या मांडीवर टाकला.

"माय, हाऊ फेटा कोन फाडस?"

म्हातारी खोटं बोलली नाही. लेकाची माया, नवस, देव, काही मध्ये आणलं नाही. तिनं तुकडा चाचपला, शेवटचे टाके बोटांनी मोजले आणि म्हणाली, "तू गयी ते माले भाकर कोन दी? अभिमननी बायको? ती ते पानी बी नही पाजाव."

हे खरं होतं, हीच तर मेख. त्या घरात म्हातारीला वेळेवर भाकर, अंघोळीला ऊन पाणी, गुडघ्याला तेल, हे सगळं यशोदाबाई करत होती. इतकं चांगलं करत होती की म्हातारीनं तिला सोडायचंच नाही असं ठरवलं. सासूची सेवा केल्याचं बक्षीस तिला असं मिळालं.

यशोदाबाई फेटा घेऊन पंचांकडे गेली. मी तिच्याबरोबर होते. पितांबरही आला, नवीन धोतर नेसून. जेठासमोर तोंड उघडायची आमच्यात रीत नाही, म्हणून तिनं पदर ओढून पाठमोरी उभी राहून सगळं सांगितलं. झाडावरची चिंधी पंचांनी खालून बघितली, पिवळे टाके बघितले, फेटा ताडून बघितला. सगळं तंतोतंत जुळलं. मला वाटलं, झालं, सुटली बाई. पितांबरनं तर डोळे पुसले.

रुपचंद आबांनी म्हातारीला बोलावलं. ती आली आणि भर चावडीत चिंधीमायची शपथ घेऊन म्हणाली की तिनं काही बांधलेलं नाही, तिला फांदीच दिसत नाही, बांधणार कशी! पंच हसले. मग अभिमन उभा राहिला. टाके कुणाचे? यशोदाबाईचे. पेटी कुणाची? यशोदाबाईची. मग चिंधी कोण बांधणार? बायकांकडून पाया पडून घ्यायची चटक लागली होती हिला, आता नवा नवरा बघितला म्हणून चिंधी नकोशी झाली. लोक पुन्हा हसले. कालपर्यंत तिच्या पायाशी वाकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हे मी विसरणार नाही.

तरीही मी आबांना म्हटलं, बांधणारं कोणी का असेना, कौतिकची मूळ चिंधी तर गळूनच पडली ना? मग भरा घागर. त्यावर आबांनी जे सांगितलं ते ऐकून आमच्या गावच्या शहाणपणाला मी तिथंच हात जोडले.

"पहिली चिंधी सडीसन पडनी का कौतिकनी येईसन सोडी, हाई कोन सांगी?"

म्हणजे बघा. कौतिक परत आला असेल, आपली चिंधी आपण सोडून कुठेतरी निघून गेला असेल. तसं असेल तर तो जिवंत. जिवंत नवऱ्यानं काडीमोड दिल्याशिवाय पाट लागत नाही. आणि काडीमोड द्यायला नवरा तर हवा! चिंधी होती तोवर ती गळायची आशा होती. खरं बोलून बाईनं तीही घालवली. पितांबरनं नवीन धोतराचा सोगा सावरला, कुणाकडे न बघता गाडीत बसला आणि दिवाळीच्या आत दुसरीकडे पाट लावून मोकळा झाला. धनसिंगही पुन्हा मुऱ्हाळी आला नाही.

त्या दिवसापासून यशोदाबाईनं सासूला भाकर दिली नाही. कुणी मला सोशिक सुनेच्या गोष्टी सांगू नयेत. म्हातारी कोपऱ्यातून हाका मारायची, ही तिच्यासमोर बसून जेवायची आणि उठून जायची. अभिमनच्या बायकोनं, म्हातारी म्हणाली होती तसंच, पाणीसुद्धा पाजलं नाही. थंडी सरता सरता ताईबाई गेली. गावानं यशोदाबाईला कैदाशीण ठरवलं. आखाजीला ताईबाईची घागर थाटात भरली गेली. तिचं पाणी विहिरीवरून यशोदाबाईनंच आणलं, कारण घरातलं पाणी तीच भरत होती.

झाडावरची ती शेवटची चिंधी पुढच्या पावसात गळून पडली. बदलायला कुणी उरलं नव्हतं. यशोदाबाई ती ओली चिंधी हातात घेऊन एकदा शेवटची आबांच्या ओट्यापाशी गेली. आबा म्हणाले, ही तर तू बांधलेली, कौतिकची कुठली? यशोदाबाई चिंधी तिथंच टाकून शेतावर गेली.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पानं तोडायला गेलो. तिनं आपल्या निळ्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली, चांगली रुंद. दुपारी भाकरी खाल्ली, पाणी प्यायलो. पानांच्या मोळ्या बांधताना बघतो तर यशोदाबाई नाही. मोळी होती, नीट बांधलेली. आम्ही घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. मग बाहेर येऊन आपापल्या चिंध्या सोडल्या आणि गावात सांगितलं. कौतिकसाठी सगळं गाव रानात उतरलं होतं. यशोदाबाईसाठी कुणी जागचं हललं नाही. अभिमन बैलांना चारा टाकत होता, तो म्हणाला येईल भूक लागल्यावर.

रानापलीकडे निमाड आहे, तिथंही माणसं राहतात. ती तिकडे उतरली असेल असं मला पुष्कळदा वाटावंसं वाटतं. पण चढ मोठा आहे, उन्हाळ्यात वर पाणी नसतं, आणि तिनं भाकरीचा उरलेला तुकडा माझ्या फडक्यात ठेवला होता. मी स्वतःची फसवणूक करत नाही.

तिची निळी चिंधी एकाच पावसाळ्यात गळाली. मी रोज जाऊन बघत होते, कुणी हात लावलेला नव्हता. पंचांना या वेळी काही शंका आली नाही, बसावंही लागलं नाही. अभिमननं लगेच आखाजीला तिची घागर भरली, वर बाजारातलं सगळ्यांत मोठं डांगर ठेवलं. कौतिकची घागर त्या घरात आजतागायत भरलेली नाही. नवरा जिवंत धरलेला, म्हणून यशोदाबाईच्या नावानं सवाशीण जेवू घालायची ठरली आणि तिची मैत्रीण म्हणून मला बोलावलं. मी गेले. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पुढे पान वाढलं, पुरणाची पोळी, सांजोरी, आमरस. अभिमन हात जोडून घागरीसमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नशीबवान बाई! सवाशीन गयी."

पंचांनी माना हलवल्या. रुपचंद आबांनी आमरस वाढायला सांगितला. मी पानावरून उठले, घागर पायानं लवंडून दिली आणि ओल्या अंगणातून घरी आले.